बुटक्या सीटवरून कोकण : ॲव्हेंजर २२० आणि सागरी रस्ता

कोकणात दुचाकीवरून जातोय म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘गाडी कुठली?’ बजाजची क्रूझर ॲव्हेंजर म्हटलं की लगेच दुसरा येतो, ‘घाटात वळते का ती?’ हा दुसरा प्रश्न वाजवी आहे. क्रूझर, म्हणजे बुटक्या सीटची, लांब मोटारसायकल, हा प्रकार अमेरिकेतल्या सरळ, लांबलचक रस्त्यांवर वाढला आणि आपला सागरी रस्ता दर अर्ध्या किलोमीटरला वळतो. त्यातून आम्ही दोघं, मागे सामान, वाटेत फेरीबोटीतून ओलांडायच्या खाड्या. तरीही मी याच गाडीवर गेलो आणि पुन्हा हीच काढेन. ते का, हे रस्त्याच्या क्रमानेच सांगतो, कारण प्रत्येक दिवसाने गाडीची वेगळी बाजू दाखवली.

आमची गाडी म्हणजे कार्ब्युरेटरवाली ॲव्हेंजर क्रूझ २२०. उंच हँडल, पुढे काच, तारांची चाकं, मागे बसणाऱ्याला पाठ टेकायला आधार आणि सगळीकडे क्रोम.

शनिवार : पुणे, ताम्हिणी, श्रीवर्धन

उजाडायच्या आत चांदणी चौक मागे टाकला. जानेवारीतली थंडी पौडपर्यंत बोटांना झोंबत होती, पण छातीला वारा लागत नव्हता. क्रूझरवर माणूस ताठ बसतो, सगळा वारा अंगावर घेतो आणि सत्तरच्या पुढे गेलं की हात हँडलला लटकायला लागतात. पुढची काच हा भार काढून घेते. ती पाहून अनेकांना शोभेची वस्तू वाटते, मला ती लांबच्या प्रवासातली सर्वांत कामाची गोष्ट वाटते.

निघण्याआधी मागचे दोन्ही शॉकअप वर घेतले होते. त्यांना पाच खाचा असतात, पान्याने फिरवून स्प्रिंग जास्त दाबून ठेवता येते. दोन माणसं आणि दोन्ही बाजूंना पिशव्या असताना हे केलंच पाहिजे. गाडीचं पोट जमिनीपासून साधारण १६९ मिलिमीटर वर आहे. एकट्याला ते पुरतं. पण मागचं टोक भाराने बसलं आणि दोन चाकांत एवढं लांब अंतर असलं की गावातला उभट गतिरोधक थेट पोटाला घासतो. मुळशीच्या अलीकडच्या वस्त्यांमध्ये असे भरपूर आहेत. मी ते पहिल्या गिअरमध्ये, किंचित तिरकं जाऊन ओलांडत होतो.

ताम्हिणीत गाडीचा स्वभाव नीट कळतो. ॲव्हेंजरच्या दोन चाकांच्या आसांमध्ये सुमारे १४९० मिलिमीटर अंतर आहे. हेच इंजिन ज्या पल्सर २२० मध्ये आहे, तिचं १३५०. त्यावर ॲव्हेंजरचा पुढचा काटा बाहेर झुकलेला, म्हणजे चाक हँडलपासून बरंच पुढे. या दोन गोष्टींमुळे गाडी सरळ रेषेत हलत नाही आणि त्याच दोन गोष्टींमुळे ती वळायला वेळ मागते. केसपिनीसारख्या वळणावर पल्सर मनात आलं की आत शिरते. ॲव्हेंजरला आधी सांगावं लागतं. वेग वळणाआधीच उतरवायचा, गिअर आधीच टाकायचा, बाहेरून मोठा घेर घ्यायचा, नजर वळणाच्या शेवटी लावायची आणि मग सावकाश रेस द्यायची. या क्रमाने घेतली की ती वळणातून फार गोड निघते. वळणाच्या मधोमध ब्रेक दाबून तिला उभी करण्यात काही अर्थ नाही.

उतारावर आणखी एक गोष्ट लक्षात येते. पुढे २६० मिलिमीटरची डिस्क, मागे १३० चा ड्रम. स्पोर्टी गाडीत जवळजवळ सगळं काम पुढचा ब्रेक करतो. क्रूझरमध्ये चालवणारा, मागे बसणारा आणि सामान, सगळा भार मागच्या चाकाकडे, म्हणून मागचा ब्रेकही बराच भार उचलतो. घाटभर तोच दाबत राहिलात तर ड्रम तापतो. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या ओढीवर उतरायचं आणि दोन्ही ब्रेक थोडे-थोडे वापरायचे. निजामपूरपर्यंत आम्ही असेच आलो. मागे बसलेल्या हिने घाटाच्या खाली सांगितलं, ‘एकदाही पुढे ढकलले गेले नाही.’ हे प्रमाणपत्र मला पुरेसं होतं.

माणगावला वडापाव आणि चहा, पुढे म्हसळा, आणि दुपारी श्रीवर्धन. संध्याकाळी पेशव्यांच्या या मूळ गावातल्या वाड्यांमधून पायी फिरलो. इथल्या रोठा सुपारीचं नाव मोठं आहे. अंगणाअंगणात सुपारी वाळत होती.

रविवार : हरिहरेश्वर, वेसवी, आंजर्ले, हर्णै

हरिहरेश्वराचं दर्शन घेऊन बागमांडल्याला आलो. इथून सावित्रीची खाडी तरीने ओलांडून पलीकडे वेसवीला उतरायचं. फेरीबोटीत चढताना जड दुचाकीवाल्यांची परीक्षा असते. लोखंडी उतरण, त्यावर ओल, पुढे जीप, मागे टेम्पो. बोटीवरचा मुलगा ओरडतो, ‘दादा, पुढे घ्या, अजून पुढे!’ अशा वेळी दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकणं ही फार मोठी गोष्ट आहे. ॲव्हेंजरची सीट जमिनीपासून ७३७ मिलिमीटरवर आहे. पल्सर २२० ची ७९५. कागदावर हा फरक जेमतेम सहा सेंटिमीटरचा, पण ओल्या लोखंडावर, सामानासकट, गाडी मागे ढकलताना त्याच सहा सेंटिमीटरांवर सगळा भरवसा असतो. वजनही १५५ किलोच्या आसपास, म्हणजे क्रूझरच्या मानाने हलकंच. गाडी लावली, पहिल्या गिअरमध्ये ठेवली आणि कठड्याला टेकून उभे राहिलो.

बोटीवर एक काका गाडीभोवती फिरून विचारते झाले, ‘ही परदेशी का हो?’ त्यांना सांगितलं ते इथेही सांगतो, कारण ही गोष्ट कळल्याशिवाय ॲव्हेंजर कळत नाही.

कावासाकीने १९८५ मध्ये एलिमिनेटर ९०० नावाची गाडी आणली. तिचं शरीर लांब आणि बुटकं, पण आत इंजिन होतं त्यांच्याच जीपीझेड ९०० आर या वेगवान गाडीचं. नंतर त्या नावाची लहान भावंडं निघाली आणि २००१ मध्ये कावासाकी-बजाज एलिमिनेटर भारतात आली, १७५ सीसीची. आकुर्डीच्या बजाजने २००५ मध्ये तोच सांगाडा घेऊन त्यात पल्सर १८० चं डीटीएस-आय, म्हणजे दोन स्पार्क प्लगचं, इंजिन बसवलं आणि नाव दिलं ॲव्हेंजर. २००७ मध्ये २०० सीसी आणि ऑइल कूलिंग आलं, २०१० मध्ये २२० सीसी. २०१५ मध्ये क्रूझ आणि स्ट्रीट असे दोन अवतार झाले. ‘क्रूझरमध्ये पल्सरचं इंजिन, ही तडजोड आहे’ असं अनेकजण म्हणतात. मला ते पटत नाही. बुटक्या, लांब शरीरात वेगवान गाडीचं इंजिन बसवणं, हाच या घराण्याचा पहिल्या गाडीपासूनचा वसा आहे. ॲव्हेंजरने तो मोडला नाही, चालवला.

काका शेवटपर्यंत ऐकत होते. उतरताना म्हणाले, ‘म्हणजे अर्धी जपानी, अर्धी आपली.’ अगदी बरोबर.

वेसवीवरून केळशीला आलो. महालक्ष्मीच्या देवळात थोडं थांबलो आणि पुढे आडे, पाडले करत आंजर्ल्याकडे जाणारा रस्ता धरला. कोकणातला इतका सुंदर रस्ता मला दुसरा ठाऊक नाही. उजवीकडे पाणी इतकं जवळ की लाटेचा आवाज इंजिनाच्या आवाजात मिसळतो. दुपारी रस्त्यावर कोणी नव्हतं. हिने खांद्यावर थोपटून सांगितलं, ‘थांब. आता मी चालवते.’

हिची उंची पाच फुटांच्या किंचित वर. बहुतेक मोटारसायकलींवर हिचे फक्त चवडे टेकतात आणि थांबताना गाडी कलण्याची भीती राहते. म्हणून लायसन्स असूनही ही वर्षानुवर्षं मागेच बसत आली. इथे दोन्ही पाय सपाट टेकले. फुटरेस्ट पुढे आहेत, ते शोधायला पहिल्या पाचशे मीटरमध्ये दोन-तीनदा खाली पाहावं लागलं. मग पाय आपोआप जागेवर गेले. उंच हँडल हिच्या हातांना थोडं लांब पडत होतं, म्हणून सीटवर पुढे सरकून बसली. आणि मग चाळीस-पन्नासच्या वेगाने, किनाऱ्याला धरून, आंजर्ल्यापर्यंत.

मी मागे बसून पहिल्यांदा या गाडीची मागची सीट अनुभवली. पाठीचा आधार खरंच टेकण्याजोगा आहे, नुसता दांडा नाही. पण खड्डा आला की तो नेमका मणक्यात कळतो. चालवणाऱ्याला खड्डा दिसतो आणि तो अंग सावरतो, मागच्याला काहीच दिसत नाही. हिला इतकी वर्षं काय वाटत असेल ते त्या दिवशी समजलं आणि पुढच्या सबंध प्रवासात मी खड्ड्याआधी ‘खड्डा’ असं मोठ्याने सांगत गेलो.

कड्यावरच्या गणपतीला जाऊन संध्याकाळी हर्णैला पोचलो. बंदरावर लिलाव चालू होता, समोर सुवर्णदुर्ग. सुरमईचे भाव ऐकून आम्ही बांगड्यावर समाधानी झालो.

सोमवार : दाभोळ, गुहागर, जयगड, गणपतीपुळे

सकाळी दापोलीवरून दाभोळ. पुन्हा फेरीबोट, यावेळी वाशिष्ठीच्या खाडीवर, पलीकडे धोपावे. गुहागरला समुद्रावर जाऊन आलो आणि गाडीशी येऊन पाहतो तर मागचं चाक बसलेलं.

तारांची चाकं क्रूझरला शोभतात आणि खराब रस्त्यावर धक्काही चांगला सोसतात. पण तारेच्या चाकात ट्यूब लागते. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा रुतला तरी हवा हळूहळू जाते आणि बाहेरूनच रबरी वात खुपसून काम भागतं. ट्यूबची हवा एकदम जाते, आणि चाक खोलल्याशिवाय इलाज नाही. सुदैवाने दुकान जवळ होतं. पंक्चरवाल्या दादांनी दोन पिशव्या उतरवायला लावल्या, चेन सैल केली, आस काढला, टायर लोखंडी पट्टीने उचलला आणि ट्यूब पाण्याच्या घमेल्यात फिरवली. पाण्यात बुडबुडे दिसले, टायरच्या आत चुकेचं टोक सापडलं. मागचा टायर १३०/९०-१५ म्हणजे रुंद आणि जाड कडेचा, त्यामुळे त्यांना घाम फुटला. ‘या मापाची ट्यूब इकडं लवकर मिळत नाही, जवळ ठेवत जा,’ असं त्यांनी बजावलं. आमच्याकडे होती, पण जुनीलाच ठिगळ बसलं म्हणून ती तशीच राहिली. लांब जाणार असाल तर पुढची आणि मागची, दोन्ही मापांच्या ट्यूबा घ्या. पुढचं चाक १७ इंची आहे, एकाची दुसऱ्याला चालत नाही.

चाक परत बसवताना चेनचा ताण मी स्वतः तपासला. दोघं बसल्यावर मागचं चाक वर सरकतं आणि चेन ताणली जाते, म्हणून ती रिकाम्या गाडीवर घट्ट ठेवायची नसते.

हेदवीचा दशभुज गणेश, वेळणेश्वर, मग तवसाळहून तिसरी फेरी घेऊन शास्त्रीच्या मुखाशी जयगड. गणपतीपुळ्याला पोचेपर्यंत अंधारलं. हेडलाइटचा उजेड ठीक, पण अनोळखी वळणांवर रात्री मी या गाडीवर चाळीसच्या वर जात नाही. जी गाडी वळणाआधी सांगून ठेवावी लागते, तिला वळण आधी दिसलंही पाहिजे.

मंगळवार : आरे-वारे, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण

आरे-वारेच्या चढावर सकाळी गाडी थांबवून खालचा किनारा पाहिला. रत्नागिरीत टाकी भरली. १४ लिटरची टाकी आणि लिटरमागे चाळीसच्या आसपास मिळणारं ॲव्हरेज, म्हणजे पाचशे किलोमीटरची निश्चिंती. सागरी रस्त्याला पंप विरळ आहेत, तिथे हा आकडा मोलाचा.

भाट्ये, पावस, पूर्णगड आणि पुढे सडे सुरू झाले. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. नजर जाईल तिथवर वाळलेलं सोनेरी गवत, काळपट-तांबडा कातळ, मध्येच गडग्यांनी बांधून काढलेल्या आंब्याच्या बागा आणि त्यांच्या मोहोराचा वास. रस्ता इथे दोन खाड्यांच्या मध्ये सरळ पळतो. ॲव्हेंजर जिच्यासाठी जन्मली ती जमीन हीच. पाचवा गिअर, सत्तर-पंच्याहत्तर, पाय पुढे, कोपर सैल. झोपाळ्याला एक संथ झोका मिळाला की तो कसा आपल्याच लयीत राहतो, तशी गाडी चालते. हँडल धरायचं, वळवायचं नाही. लांब सांगाडा आणि पुढे झुकलेला काटा ताम्हिणीत जे मागून घेतात, ते इथे सव्याज परत देतात.

इंजिनाबद्दलही इथेच बोलायला हवं. क्रूझर म्हटलं की लोकांना खालच्या फेऱ्यांवर धडधडणारं इंजिन अपेक्षित असतं. हार्लेच्या ४५ अंशांच्या व्ही-ट्विनने, म्हणजे व्ही आकारात बसवलेल्या दोन सिलिंडरच्या इंजिनाने, ती सवय लावली, आपल्याकडे बुलेटने. जुन्या बुलेट ३५० मध्ये पिस्टनचा व्यास ७० मिलिमीटर आणि त्याची धाव ९० मिलिमीटर. लांब धावेचं असं इंजिन सावकाश फिरतं, पण प्रत्येक ठोक्याला जोर देतं. ॲव्हेंजर २२० मध्ये व्यास ६७ आणि धाव ६२.४. धाव व्यासापेक्षा कमी, म्हणजे हे इंजिन फिरायला उत्सुक. त्याची १९ पीएस ताकद मिनिटाला ८४०० फेऱ्यांवर येते आणि १७.५ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ७००० वर. म्हणून चढावर पाचव्यात रेटत राहिलात तर ती कुरकुरते. एक गिअर खाली टाका, फिरू द्या, की दोन माणसांसकट उचलते. ऑइल कूलर असल्याने अशा चालवण्याने ती हबकत नाही. सड्यावरून खाडीत उतरायचं आणि पलीकडे पुन्हा चढायचं, हे दिवसभर चाललं होतं. चढाच्या पायथ्याशी चौथा, वळणात तिसरा, माथ्यावर पुन्हा पाचवा. डाव्या पायाला काम आहे, पण बुलेटची थरथर हातात नाही. रात्री बोटं बधिर नव्हती. मला धडधडीपेक्षा हे प्यारं आहे, आणि ज्यांना धडधडच हवी त्यांनी ही गाडी घेऊ नये.

आडिवऱ्याला महाकालीचं दर्शन, नाटे, जैतापूर, आणि दुपारी विजयदुर्ग. तटाच्या बुरुजावर उन्हात फार वेळ थांबवेना. पडेल कॅन्टीनवर चहा घेतला. पुढे देवगड, कुणकेश्वर, आचरा. कुणकेश्वरपासून ही पुन्हा पुढे आणि मी मागे. मालवणात खोलीसमोर गाडी लावली तेव्हा घरमालकांनी बाहेर येऊन विचारलं, ‘खयसून इलात?’ उत्तर मी द्यायच्या आधी चालवणारीने दिलं.

बुधवार : मालवण

गाडीला आणि आम्हाला सुट्टी. सिंधुदुर्ग किल्ला, दुपारी बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी. संध्याकाळी मात्र गाडी धुतली, अगदी गोड्या पाण्याने आणि निवांतपणे. चार खाऱ्या दिवसांत क्रोमवर आणि तारांच्या मुळाशी बारीक तपकिरी ठिपके दिसायला लागले होते. क्रोमची गाडी किनाऱ्यावर नेली तर ही सेवा टाळता येत नाही. कोरड्या फडक्याने पुसून तारांना तेलाचा हात फिरवला, चेन साफ करून तेल सोडलं.

गुरुवार : फोंडा घाट, कोल्हापूर, पुणे

कणकवलीवरून फोंडा घाट चढलो. ताम्हिणी उतरताना ब्रेकची गोष्ट होती, इथे चढाची. दुसरा आणि तिसरा गिअर, लाकडाच्या ट्रकमागे धीर धरायचा आणि समोर मोकळं दिसलं की तिसऱ्यात फिरवून पुढे. दाजीपूरच्या जंगलात गारवा लागला, राधानगरीत उन्हात आलो. कोल्हापूरला मिसळ खाऊन महामार्गाला लागलो.

महामार्गावर ऐंशी हा तिचा सुखाचा वेग. नव्वद गाठते, शंभरही दाखवते, पण ऐंशीला इंजिन मोकळं असतं, काच वारा अडवते आणि मागच्याशी बोलता येतं. त्याच्या वर फक्त आवाज वाढतो. कऱ्हाडपर्यंत मी, तिथून साताऱ्यापर्यंत ही. ट्रकच्या बाजूने जाताना हवेचा जो धक्का बसतो त्याने हलक्या गाड्या डगमगतात, ही लांबीमुळे रेषेवर राहते. खंबाटकीच्या बोगद्यानंतरचं वळण मी आधीच वेग उतरवून घेतलं. संध्याकाळी सातच्या सुमारास कात्रज.

प्रवास वाचून कोणाला जुनी ॲव्हेंजर घ्यावीशी वाटली तर चार गोष्टी पाहून घ्या. हँडल डावी-उजवीकडे हळू फिरवून मध्ये अडकतंय का बघा, अडकत असेल तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेलेला आहे. मागचं चाक हाताने आडवं हलवून ते चाक धरणाऱ्या स्विंग आर्मच्या बुशमध्ये खेळ आहे का तपासा, कारण लांब गाडीत तो वळणात लगेच जाणवतो. तारांवर नाण्याने टकटक करा, बद्द वाजेल ती तार सैल आहे. ऑइल कूलरच्या पात्यांमध्ये चिखल आणि तेलाचे ओघळ पाहा. आणि उंची कमी आहे म्हणून घरात जी व्यक्ती आजवर मागेच बसत आली, तिला चाचणीला सोबत न्या. आधी तिलाच चालवू द्या.